ब्राझीलचं मावंदं

मला मागता येत नाही, आणि माझं काम मागण्याचंच आहे. हे कसं जुळलं ते आधी सांगते.

चिखलीत आमचा एक छोटा साप्ताहिक पेपर निघतो. आमचा म्हणजे वैशालीताईंचा. त्या आधी एका मोठ्या पेपरात होत्या. तिथं एका बियाण्याच्या बातमीवरून त्यांचं साहेबांशी बिनसलं. मग त्यांनी स्वतःचा पेपर काढला आणि बियाणं-खतवाल्यांच्या जाहिराती घ्यायच्या नाहीत असं ठरवलं. पेपर मग चालायचा कशावर? वाचकांवर. आणि वाचकांकडे जायचं कोणी? मी.

खरं तर मी तिथं घड्या घालायला आणि पत्त्याच्या चिठ्ठ्या चिकटवायला लागले होते. शाळा चौथीपर्यंत झाली, चिठ्ठीवरचं नाव वाचता येतं, एवढ्यावर काम मिळालं. बाकीचं वाचन घड्या घालता घालता झालं. वर्गणी आणायला वेगळा माणूस होता. तो बोलायला इतका पटाईत, की त्याची गाडी दिसली की लोक दार लावून घ्यायचे. तो काम सोडून गेला तेव्हा ताई म्हणाल्या, "निर्मलाबाई, दुसरा माणूस मिळेपर्यंत तुम्ही जाऊन या." दुसरा माणूस अजून मिळालेला नाही.

पहिल्या दिवशी अमडापूरला गुणवंतरावांकडे गेले. गुणवंतराव म्हणजे पेपर पहिल्या ओळीपासून छापखान्याच्या नावापर्यंत वाचणारे शेतकरी. एखादी चूक सापडली की त्यांचा दिवस चांगला जातो. ते ओट्यावर बसले होते. मी कडेला बसले. काय बोलायचं ते येताना एसटीत चारदा म्हणून पाहिलं होतं. तिथं गेल्यावर एक शब्द फुटेना.

"काय वो बाई? कोनाच्या घरी आल्या?"

मी पिशवीतला पेपर काढून मांडीवर ठेवला.

"पेपरवाल्या का?"

मी मान हलवली.

"वर्गणी?"

मी खाली पाहिलं.

"मंग मांगत काऊन नाई?"

घरातून पाणी आलं. मी पाणी प्याले. गुणवंतरावांनी माझ्याकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं, परत माझ्याकडे पाहिलं. मग उठून आत गेले. आत बायकोशी काहीतरी वादावादी झाल्याचं ऐकू आलं. बाहेर येऊन त्यांनी पैसे माझ्यासमोर ठेवले.

"हे घे. पन अशी बसत नोको जाऊ बाई. लोकायले वाटन, म्याच तुह्यं काही खाल्लं."

त्या दिवशी मला माझं काम समजलं. मागायचं नाही, बसायचं.

हे वाटतं तितकं सोपं नाही. सकाळी दुकानदाराकडे बसायचं नाही, त्याची बोहणी व्हायची असते. दुपारी घरात बायकाच असतात. त्या पैसे देत नाहीत, चहा देतात. तो चहा घ्यायचा. कारण संध्याकाळी नवऱ्याला त्याच सांगतात, "पेपरवाली येऊन गेली, बिचारी काही बोलली नाई." पाणी सावकाश प्यायचं. ओट्याच्या मधोमध बसायचं नाही, घरच्या माणसाची जागा सोडून कडेला बसायचं. उगाच घड्याळ पाहायचं नाही. ज्याची द्यायची इच्छा नसते तो आपणहून त्याची अडचण सांगायला लागतो. ती पूर्ण ऐकायची. कितीतरी घरांची दुखणी, सोयरिकी, वाटण्या मला अशा बसल्या बसल्या कळल्या. त्या मी कुठं बोलले नाही. त्यामुळे पुढच्या वर्षी परत बसू दिलं गेलं.

माझं भांडवल म्हणाल तर एवढंच, लोक मला ओट्यावर बसू देतात. ताईंना लिहिता येतं, मला बसता येतं. यातलं एक जरी गेलं तर पेपर बंद.

आता ओटेच कमी झालेत, ही एक वाईट गोष्ट. नवीन घरांना फाटक असतं, फाटकावर कॅमेरा असतो. कॅमेऱ्यापुढे किती बसणार? त्याला लाज वाटत नाही.

असो. ब्राझीलचं सांगायचं होतं.

सोयाबीन निघालं की दरवर्षी आमच्या भागात एक पाहुणा येतो. त्याला कोणी पाहिलेलं नाही. पोतं अडत्याच्या काट्यावर चढलं की बन्सीशेठ चष्मा कपाळावर सरकवतात आणि म्हणतात, "भाव पडला भाऊ. ब्राझीलमंदी पीक लय आलं." पुढं बोलणं खुंटतं. ब्राझीलशी कोण भांडणार? एखाद्या वर्षी भाव वाढला तर मात्र ब्राझीलचं नाव निघत नाही. तेव्हा ती शेठची मेहेरबानी असते.

असंच एका दिवाळीच्या आधी गुणवंतराव माल विकून आले होते आणि मी नेमकी त्यांच्या ओट्यावर होते.

"बाई, तुह्या ताईले सांग. तुमी दिल्लीचं छापता, मुंबईचं छापता. ह्या ब्राझीलले कोनी पाह्यलं का? खरंच हाय का थे, का शेठनं घरी पाळलं?"

मी येऊन ताईंना जसंच्या तसं सांगितलं. मला वाटलं त्या हसतील. त्या हसल्या नाहीत. टेबलावर पेन आपटत बसल्या आणि म्हणाल्या, "जाऊन यावं लागेल."

"कुठं?"

"ब्राझीलला."

मी घड्या घालणं थांबवलं.

मग ताईंनी मला नीट समजावलं. परदेशातली बातमी आणायला मोठा पेपर आपला माणूस पाठवतो. नाहीतर एखादी कंपनी पत्रकाराला फुकट नेते, खाऊ-पिऊ घालते आणि तो परत येऊन कंपनीचं कौतुक लिहितो. आमच्यासारख्या मोकळ्या माणसाच्या मागं कोणी नसतं. म्हणून वाचकांना म्हणायचं, तुम्ही मला पाठवा. विमानाचं भाडं, तिथलं राहणं, तिथली भाषा बोलणारा एक माणूस, एवढं तुम्ही सगळ्यांनी मिळून उचला. मी तुमच्यासाठी पाहून येते. जे दिसेल ते लिहीन. तुम्हाला आवडेल तेच लिहीन असं नाही.

ताईंनी पहिल्या पानावर आवाहन छापलं. चांगलं लिहिलं होतं. स्वतंत्र पत्रकारिता, वाचकांचा सहभाग, जागतिक बाजारपेठ असं सगळं त्यात होतं. घड्या घालताना मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. दर वेळी वाटलं की हे कोणीतरी दुसऱ्याच कोणाला सांगतंय. खाली पैसे पाठवायचा तो काळा चौकोन छापला होता. आम्ही वाट पाहिली. पुण्याच्या एका वाचकाने थोडे पाठवले. मोताळ्याकडच्या एकाचा फोन आला, त्या चौकोनातल्या कोड्याचं उत्तर पुढच्या अंकात येणार का?

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी पिशवी उचलली.

पण या वेळी बसणं चालेना. मी बसले की लोक म्हणायचे, "यंदाची वर्गणी तं देल्ली ना वो?" आणि ते खरं होतं. आता बोलावंच लागणार होतं. पहिल्यांदा दुर्गाआजीकडे गेले, कारण आजीसमोर फजिती झाली तरी तिला विशेष वाटत नाही.

दुर्गाआजी अमडापूरचीच. विहिरीजवळच्या तुकड्यात वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर लावते आणि बाजारात स्वतः विकते. तिला वाचता येत नाही. पेपर मात्र घेते. शेजारची सून तिला वाचून दाखवते आणि मधेमधे शिव्या द्यायचं काम आजी करते.

"आजी," मी म्हटलं, "ताईला ब्राझीलला जायचंय."

"थ्या ब्राझीलकडं? काऊन जाते वो त्या मेल्याच्या दारात?"

आजीला ब्राझील हा माणूस वाटायचा. बन्सीशेठपेक्षा मोठा, तिकडं कुठंतरी मुंबईपलीकडं राहणारा, आपल्या मालावर डोळा असणारा कोणी शेठ. मी तो देश आहे म्हणून सांगितलं, पण तिला ते विशेष पटलं नाही.

मग माझ्या तोंडून निघून गेलं, "आजी, कोणी काशीला निघालं की तुम्ही त्याच्याजवळ काही देता ना?"

"देतो ना. माह्या नावानं एक डुबकी मारजो म्हनतो."

"तसंच आहे हे. आपल्याला सगळ्यांना जाता येत नाही. एक जण जातो. आपल्या नावानं."

एका दमात मी आयुष्यात इतकं बोलले नव्हते. आजीने पदराची गाठ सोडली. वर म्हणाली, "माह्या नावानं त्याले विचार म्हना, तुले लेकरंबाळं हायेत का नाई? आमच्या पोटावर काऊन पाय देतं?"

आता माझ्या हाती एक गोष्ट लागली होती. पुढं मी घर पाहून बोलायला लागले. बौद्ध घरांत बोधगयेचं सांगितलं, तिथं जाणारा येताना पिंपळाचं पान घेऊन येतो. धामणगाव बढ्याला सायकल दुरुस्तीवाल्या रहीमचाचांकडे तर अर्धंच बोलावं लागलं. ते म्हणाले, "समझ गया बहन. हज को जानेवाले के पास हम नाम देते. दुआ में हमारा नाम लेना बोलते. ये भी वैसाच." त्यांनी पैसे दिले आणि ताईंसाठी प्रश्न दिला, "वहां के रस्ते कैसे हैं, देख के आने को बोलो."

असं प्रत्येकाने काहीतरी बरोबर दिलं. कोणाला तिथं रानडुकरं आहेत का ते पाहिजे होतं. कोणाला तिथल्या मजुराची न्याहारी काय असते ते हवं होतं. गुणवंतरावांनी बराच वेळ विचार केला. "माह्या नावानं एवढंच विचार. भाव पडला का तिथला शेठ कोनाचं नाव सांगते?"

ताई हे सगळं लिहून घ्यायच्या. म्हणायच्या, "बाई, दिल्लीचे पत्रकारसुद्धा असे प्रश्न नेत नसतील."

एक गिऱ्हाईक मात्र राहिलं, त्याच्याविषयी सांगितलंच पाहिजे. बन्सीशेठ. एक दिवस त्यांनी मला दुकानातून हाक मारली. गादीवर बसवलं, थंड मागवलं आणि एक जाड पाकीट माझ्या हातात दिलं. "ताईचा सगळा खर्च आपल्याकडून. गावची लेक चालली. कायले घरोघरी फिरता?" मला नाही म्हणता येत नाही, हे आतापर्यंत कळलं असेलच. मी पाकीट घेऊन आले.

ताईंनी पाकिटाला हातसुद्धा लावला नाही. "बाई, ज्याच्याबद्दल विचारायला जायचं, त्याच्याच पैशाने कसं जायचं? शेठ चांगले असतील. पण मग परत आल्यावर गुणवंतराव माझा एक शब्द तरी खरा मानतील का? परत देऊन या."

मागणं अवघड असतं हे मला माहीत होतं. परत देणं त्याहून अवघड असतं हे तेव्हा कळलं. मी शेठच्या गादीवर पाकीट मांडीवर घेऊन बसले. दुसरं येतंय काय मला? शेठनी पाहिलं. "कमी पडलं का बाई?" मी खाली पाहिलं. त्यांनी गल्ल्यातून आणखी काढून पाकिटावर ठेवले. मी तशीच बसले. शेठना वाटलं बाई अडून बसली. दिवाणजीकडे पाहत त्यांनी परत गल्ला उघडला. "घ्या बाप्पा. पन आता याच्यावर नाई हं!" तेव्हा मी उठले, ते सगळं त्यांच्या तराजूत ठेवलं आणि पायऱ्या उतरून चालू लागले. मागून शेठ दिवाणजीला म्हणत होते, "गेली? काऊन गेली बे? आनखी पाह्यजे होते का तिले?"

ही गोष्ट गावात माझ्याआधी पोचली. त्यानंतर मला कोणाकडे फार बसावं लागलं नाही. शेठचे पैसे तराजूत टाकून आलेली बाई म्हटल्यावर लोक आपणहून ओट्यावरून उठून आत जायला लागले.

ताई गेल्या. त्या नव्हत्या तेवढे दिवस पेपर त्यांच्या भाच्याने काढला आणि चुकांची गुणवंतरावांना मेजवानी झाली. ताई परत आल्या त्या उन्हाने काळ्या होऊन. मग अंकामागून अंक ब्राझीलचं छापून यायला लागलं. आकाश टेकेल तिथपर्यंत एकाच मालकाचं सोयाबीन, त्यात फिरणारी घराएवढी यंत्रं, आणि बाजूला ज्यांच्या जमिनी त्यात गेल्या ती माणसं. फोटोसुद्धा होते. अंक हातोहात जात होते. मला वाटलं, आपलं काम झालं.

मी गुणवंतरावांच्या ओट्यावर नेहमीसारखी कडेला बसले. पाणी आलं. गुणवंतराव म्हणाले, "छापलं थे वाचलं. आता मावंदं कधी हाय?"

मी पाण्याचा गडू तसाच खाली ठेवला.

काशीहून आलेल्या माणसाने मावंदं घालायचं असतं. ज्यांनी ज्यांनी त्याच्याजवळ काही दिलं त्यांना जेवायला बोलवायचं, गंगेचं पाणी वाटायचं, तुमच्या नावानं हे केलं, ते केलं असं एकेकाला सांगायचं. त्याशिवाय यात्रा पुरी होत नाही. हे आमच्याकडे कोणाला सांगावं लागत नाही. मी काशी म्हटलं होतं. लोकांनी पुढचं सगळं आपोआप धरलं होतं.

"ताईंनी पेपरात..." मी म्हटलं.

"पेपर तं मी वर्गणी देऊन घेतो. हे येगळं. माह्या नावानं गेली ना? मंग माह्या नावाचं काय झालं? माह्या प्रश्नाचं उत्तर कुठी छापलं?" गुणवंतराव चिडले नव्हते. तेच वाईट होतं. ते अगदी शांतपणे बोलत होते. "आयक निर्मलाबाई. म्या ताईले नाई देल्ले, पेपरले नाई देल्ले. तुह्या तोंडाकडं पाहून देल्ले. मावंदं होत नाई तोवर तू माह्या ओट्यावर बसत नोको जाऊ."

मी उठले. दुर्गाआजीच्या दारावरून जाताना तिने विचारलं, "परसाद आनला का वो ताईनं?" धामणगावला रहीमचाचा म्हणाले, "हाजी आता तो खजूर लाता, जमजम लाता. खजूर ना सही, कुछ तो लाई होगी?" मी दोन्हीकडे उभ्या उभ्याच हो-नाही केलं. बसायची हिंमत झाली नाही. एवढी वर्षं ज्या ओट्यांवर बसले, ते सगळे ओटे त्या दिवशी मला दुसऱ्याचे वाटले. एसटीतसुद्धा मी उभीच राहिले. जागा होती तरी.

ताईंना सांगितलं तेव्हा त्या आधी इतक्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसायला लागले. मग माझं तोंड पाहून थांबल्या.

"बाई, अहो रडताय काय? बरोबरच मागतायत ते. मी पेपरात सगळ्यांना मिळून सांगितलं. त्यांनी दिलं होतं एकेकाने." मग म्हणाल्या, "आमच्याकडे मावंदं नसतं. पण आई बोधगयेहून आली तेव्हा तिने खीर करून गल्लीला वाटली होती. मला कळायला पाहिजे होतं."

"पण प्रसाद कशाचा द्यायचा?"

खरी अडचण तीच होती. तिथली माती आणायला बंदी, बी आणायला बंदी. ताईंनी आपली पिशवी उलटी केली. एक टोपी, औषधं, आणि कॉफीच्या भुकटीची मोठी पाकिटं निघाली. ती त्यांनी आईसाठी आणली होती, आणि आईने वास घेऊन परत केली होती.

"ही ब्राझीलचीच," ताई म्हणाल्या.

मावंदं अमडापूरच्या बाजारओट्यांवर झालं. बाजाराचा दिवस सोडून ते ओटे मोकळेच असतात. घरोघरून कणीक आली, दुर्गाआजीची वांगी आली. सकाळपासून गोवऱ्यांच्या आरात रोडगे भाजत ठेवले. एका मोठ्या गंजात दूध आणि साखर घालून मी कॉफी उकळली. कॉफी किती टाकायची ते कोणालाच माहीत नव्हतं, म्हणून चहाच्या हिशेबाने टाकली. ती चांगलीच कडक झाली.

रहीमचाचा धामणगावहून आले. बन्सीशेठसुद्धा आले आणि एका खांबाजवळ, थोडे लांब, बसले. सगळे ओट्यांवर टेकले होते. मी गंजाजवळ उभी होते. गुणवंतरावांनी बसत जाऊ नको म्हटलं होतं, ते कोणाच्या ओट्यापुरतं होतं ते मी विचारलं नव्हतं.

आधी प्रसाद वाटला. दुर्गाआजीने कप दोन्ही हातांनी धरला, डोळ्यांना लावला आणि एक घोट घेतला. सगळे तिच्याकडे पाहत होते.

"अव माय, कडू हाय! तीर्थ कडू राह्यते का कुठी?"

"पिऊन घे आजी," गुणवंतराव म्हणाले, "तिकडचे देव तसेच असतीन."

मग ताई उभ्या राहिल्या आणि एकेकाचं नाव घेऊन सांगायला लागल्या. रहीमचाचांना म्हणाल्या, "चाचा, तुमच्या नावाने रस्ता पाहिला. लाल चिखलाचा रस्ता, त्यात मालाचे ट्रक एकामागं एक फसलेले. आमची गाडीसुद्धा पंक्चर झाली."

"पंक्चर किसने निकाला?"

"एका म्हाताऱ्याने. झाडाखाली दुकान होतं."

"देखो!" रहीमचाचांनी सगळ्यांकडे अभिमानाने पाहिलं. "अपना आदमी वहां भी है."

रानडुकरांचं झालं, मजुराच्या न्याहारीचं झालं. मग ताईंनी फोनमधला एक फोटो दुर्गाआजीसमोर धरला. डोक्याला फडकं बांधलेली एक म्हातारी, चुलीजवळ बसलेली. तिची जमीन त्या मोठ्या शेतात गेली होती. ती आता घरामागच्या तुकड्यात भाजी लावते आणि बाजारात विकते. मुलं शहरात गेली. ताईंनी तिला आजीचा प्रश्न विचारला होता, लेकरंबाळं आहेत का? ती म्हणाली होती, आहेत, पण फोन करत नाहीत.

आजीने फोन डोळ्यांजवळ नेला, लांब नेला.

"हे ब्राझील हाय?"

"हो, तिथलीच."

"बापा! ब्राझील तं बाई हाय!" आजी बराच वेळ पाहत राहिली. "अन् म्या इतकी वर्सं मेल्या म्हनून राह्यली तिले." मग हलकेच म्हणाली, "वांगी लावते का वो ते?"

शेठनी खांबाजवळून विचारलं, "आमच्या नावानं काही नाई का ताई?"

"शेठ, तुमचं नाव नेता आलं नाही. ते तराजूत राहिलं होतं."

हसणं थांबायला वेळ लागला. शेठ पण हसले, थोडं उशिरा.

आता गुणवंतराव उरले होते. ते मांडी घालून, हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते. परीक्षेचा निकाल ऐकायला बसावं तसे. मी गंजातली पळी बाजूला ठेवली.

"काका," ताई म्हणाल्या, "तुमचा प्रश्न मी तिथल्या एका शेतकऱ्याला विचारला. उत्तर पेपरासाठी लिहिलंसुद्धा होतं. पण त्या अंकात जागा कमी पडली आणि पानं अजून भाचाच लावतो, त्याने नेमकं तेच वाक्य कापलं."

"वाटलंच मले," गुणवंतराव म्हणाले. "काय म्हने मंग थे? भाव पडला का शेठ कोनाचं नाव सांगते?"

"तो आधी खूप हसला. मग म्हणाला, आमचा शेठ दरवर्षी सांगतो, अमेरिकेत पीक लय आलं."

गुणवंतरावांनी मान सावकाश वळवून बन्सीशेठकडे पाहिलं. मग एकेक करून सगळ्या माना वळल्या. शेठनी गडबडीने कॉफीचा मोठा घोट घेतला. ती कडू होती, ठसका लागला.

"म्हंजे," गुणवंतराव म्हणाले, "त्याह्यलेबी शेठ हाय!"

मग जो हशा झाला तो वेशीपर्यंत गेला असेल. रहीमचाचा डोळे पुसत होते. दुर्गाआजी शेजारणीला सांगत होती, "म्या म्हनत होती ना, त्या बाईचा काही गुन्हा नाई." गुणवंतराव सगळ्यात जास्त हसले. हसता हसता एकदम थांबले.

"मंग त्या अमेरिकेले कोनं पाह्यलं?"

मग सगळे माझ्याकडे पाहायला लागले. मी पदराने गंजाची कड पुसायला लागले.

"अन् तू उभी काऊन हायेस सकायपासून?" गुणवंतराव म्हणाले. ते सरकले. ओट्याच्या कडेला एका माणसापुरती जागा झाली. "बस."

मी बसले. कडेलाच, नेहमीसारखी. कोणीतरी पाण्याचा गडू दिला. मी सावकाश पाणी प्याले, गडू खाली ठेवला आणि खाली पाहिलं.

गुणवंतरावांनी माझ्याकडे पाहिलं, समोर पाहिलं, परत माझ्याकडे पाहिलं.

"अवो बाई," ते खिशाकडे हात नेत म्हणाले, "रोडगा तं खाऊ दे आधी!"